'सोपी सहल' म्हणजे किती पायऱ्या?

क्रूझच्या माहितीपत्रकात बंदरावरच्या प्रत्येक सहलीपुढे 'सोपी', 'मध्यम', 'दमछाक करणारी' असा शेरा असतो. गुडघे बदललेले आजोबा, काठी टेकत चालणारी आत्या किंवा व्हीलचेअरवरचा भाऊ बरोबर असला, की घरची मंडळी डोळे झाकून 'सोपी'वर खूण करतात. पण हा शेरा जवळपास निरुपयोगी असतो; सोपी कोणाला, हे तो सांगतच नाही. अशा प्रवाशासाठी सहल निवडायची ती पायऱ्यांचा आकडा, चालायचं अंतर, बसची पायरी आणि स्वच्छतागृह पाहून. ही माहिती मोजूनमापून, लेखी देणं हे सहल विकणाऱ्याचं काम आहे.

पहिला प्रश्न धक्क्याचा. जहाज धक्क्याला लागतं की बाहेर समुद्रातच थांबतं? ग्रीसमधल्या सँटोरिनीला मोठी जहाजं बाहेरच थांबतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात नेतात. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते आणि जहाजाच्या दारातून नेमक्या क्षणी तिच्यात पाऊल टाकावं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याला अनेक कंपन्या बोटीत घेत नाहीत; जड विजेरी व्हीलचेअर तर बहुधा जहाजावरच राहते. पलीकडे उतरल्यावर समोर उभा कडा. वर जायला सुमारे सहाशे पायऱ्या, नाहीतर खेचर, नाहीतर केबल कार. आणि केबल कारने वर पोचलात तरी फिराच्या गल्ल्याही चढउताराच्या आणि पायऱ्यांच्याच. याउलट अथेन्सजवळच्या पिरेयसला जहाज थेट धक्क्याला लागतं आणि अक्रोपोलिसच्या टेकडीवर डिसेंबर 2020 पासून नवी लिफ्ट आहे. फोटोत दोन्ही चढ सारखेच अवघड दिसतात. धक्का असला म्हणजे सगळं जमलं असंही नाही: भरती-ओहोटीप्रमाणे शिडीचा उतार बदलतो, सकाळी सहज उतरलेला माणूस संध्याकाळी तिथेच अडू शकतो.

आपल्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर असतं: चार माणसं उचलून नेतील की! घारापुरीला लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि डोलीवाले आहेत. ज्याला चालतं त्याने खुशाल डोलीत बसावं, पण तो त्याचा निर्णय असायला हवा, पैसे भरून पायथ्याशी पोचल्यावर उरलेला एकमेव मार्ग नव्हे. शिवाय डोली पायऱ्यांसाठी असते. गेटवेला हलत्या लाँचमध्ये पाय टाकायचा प्रसंग त्याआधीच येऊन गेलेला असतो आणि तिथे खरी मदत लागते. मदतीला धावणारे हात आपल्याकडे भरपूर, पण माणसाला नेमकं कुठे आणि कसं धरायचं हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

कंपन्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येकाचं शरीर वेगळं, समुद्र रोज वेगळा, मग हमी कशी द्यायची? खरं आहे, पण इथे हमी कोणी मागतच नाही, मोजमाप मागतो आहे. पायऱ्या किती, कठडा आहे का, बसला लिफ्ट आहे की खुर्ची घडी करून आपणच चढायचं, सलग किती वेळ उभं राहावं लागेल, हे समुद्राच्या लहरीवर अवलंबून नाही. कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये परदेशी झेंड्याखालच्या क्रूझ जहाजांनाही अमेरिकी समुद्रात अपंगांच्या हक्कांचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. तो जहाजापुरता ठीक, पण तिसऱ्याच देशातल्या किनाऱ्यावरच्या सहलबसला तो काय करणार?

स्वतःची टॅक्सी करून फिरणं अनेकदा स्वस्त आणि आपल्या चालीने होतं, हे मान्य. त्यात धोका एकच. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. रोमसारखं शहर चिव्हितावेक्किया बंदरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर आत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून जहाजाचीच सहल घ्यावी. बार्सिलोनासारखं शहर बंदराला लागूनच असेल, तर टॅक्सीच बरी.

तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी हे सगळे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर आकड्यांत मागा. 'काही काळजी करू नका, आमची माणसं आहेत' एवढंच उत्तर आलं, तर त्या सहलीचे पैसे भरू नका.