ताप्तीमायची ओटी आणि आपली पिशवी



आषाढ शुद्ध सप्तमी जवळ आली की पांढुर्णा-सौंसरच्या जुन्या घरांतून मुलताईला जाण्याची लगबग सुरू होते. सातपुड्याच्या पठारावर, सुमारे ७५० मीटर उंचीवर असलेले तेथील तळे ताप्तीमायचे उगमस्थान म्हणून पूजले जाते. येथून निघालेली ताप्ती ७२४ कि.मी. वाहत, मध्यप्रदेश, महाराष्ट्र व गुजरात या तीन राज्यांतून सुरतेजवळ समुद्राला मिळते.

आपण मायला काय देतो? खणा-नारळाबरोबर निर्माल्याची पिशवी, साबणाचा फेस आणि शाम्पूची रिकामी पुडी. हा दोष दुसऱ्यांना देत नाही. वडिलांच्या दिवसांनंतर आमच्या घरची पिशवी प्रस्तुत लेखकानेच पाण्यात सोडली होती.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर नदी हे चालू खाते, आले ते पुढे जाते. तळे ही मुदत ठेव. पडले ते साचते व त्यावर व्याज चढते. फुले, पीठ, सांडपाणी यांतील नत्र व स्फुरद शेवाळाचे खत होते. शेवाळ कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो व मासे मरतात.

कोणी म्हणेल, आजोबा-पणजोबा हेच करीत आले. खरे आहे, पण त्यांच्याजवळ प्लास्टिक नव्हते, शाम्पू नव्हता.

अमेरिकेत टाहो हे ५०१ मीटर खोल डोंगरी सरोवर दोन राज्यांच्या सीमेवर आहे. पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी १९६८ साली सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसे. अलीकडे २० मीटरच्या आसपास दिसते. दोन्ही राज्यांनी १९६९ साली करार केला, सांडपाणी खोऱ्याबाहेर नेले. पाणी अजून पूर्वीसारखे झालेले नाही, पण दरवर्षी मोजले जाते, म्हणून हिशेब लोकांसमोर राहतो.

मुलताई बैतूल जिल्ह्यात, आपण २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. तेथे आपले मत नाही, पण श्रद्धा आहे. म्हणून समाजाने ठराव करून दोन्ही कलेक्टरांकडे पाठवावा: निर्माल्य व अस्थींसाठी तळ्याबाहेरचे कुंडच वापरावे, घाटावर साबणास बंदी असावी, पाण्याची दरमहा तपासणी होऊन आकडे घाटावरील फलकावर लागावेत.

ठरावाला वेळ लागेल. तोवर या सप्तमीला मायची ओटी अवश्य भरू. पिशवी मात्र घरी परत आणू.