टॅब घ्यायचा, पण कुणासाठी?

आमचं दर्यापुरात गादी-रजईचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. कापूस पिंजणं पिढीजात. धनुकलीच्या जागी मशीन आलं एवढाच फरक. बहीण दहावी होऊन अकरावी सायन्सला गेली आणि तिने अब्बांकडे टॅब मागितला. अब्बा घरात हिंदी बोलतात, दुकानात वऱ्हाडी. प्रश्न दुकानात निघाला म्हणून उत्तरही वऱ्हाडीत आलं : "टॅब म्हणजे मोठा मोबाईलच ना? मंग मोबाईल काहून चालत नाही?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बारा-पंधरा हजार रुपये आमच्या गल्ल्यातून सहज निघत नाहीत. खरं सांगायचं तर मीही विरोधातच होतो आणि माझ्याकडे मुद्देही होते. नीट परीक्षा आजवर कागदावर गोल काळे करूनच होत आलीय. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर होतात, पण तिथे हातात माऊस असतो, बोटाने सरकवायचा पडदा नाही. बालभारतीची, एनसीईआरटीची पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये मिळतात, ती मोबाईलवरही उघडतात. मग कशाला खर्च?

शिवाय स्वस्त टॅबचा धडा या देशाने एकदा गिरवलाय. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आकाश' आणला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला, रॅम होती २५६ एमबी. गाजावाजा मोठा झाला, वापर मात्र फारसा झाला नाही.

मग एक आठवडा मी नुसतं पाहिलं. घरात मोबाईल तीन. अब्बांचा दुकानात, माझा माझ्या खिशात, तिसरा अम्मीचा. बहिणीला तो मिळायचा रात्री साडेदहानंतर, बॅटरी वीस टक्के उरलेली असताना. त्यात मध्येच खालाचा फोन आला की लेक्चर बंद. केमिस्ट्रीच्या आकृत्या अंगठ्याएवढ्या दिसायच्या; ती त्या दोन बोटांनी मोठ्या करायची, तोवर शिकवणारा पुढे गेलेला असायचा.

मला बारावीत मोबाईल मिळाला तेव्हा घरात कुणी चर्चा केली नव्हती. अब्बा एका संध्याकाळी घेऊन आले, बस्स. तिच्या टॅबवर मात्र आठवडाभर पंचायत बसली. मामू आले, खाला आली. "पोरगी त्यात पाहणार काय?" हा प्रश्न तीनदा विचारला गेला. मला तो एकदाही विचारला नव्हता, आणि मी काय पाहायचो ते मलाच ठाऊक आहे.

म्हणून माझं मत बदललं. ज्या घरात शिकणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा पडदा आहे, तिथे टॅब चैनीची गोष्ट आहे, नाही घेतला तरी चालेल. ज्या घरात एकच जण रांगेत उभा आहे, आणि तो एक जण बहुतेक वेळा मुलगीच असते, तिथे घ्यावा.

पण विकत घेण्याआधी एक काम करा. नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था अकरावी सायन्सच्या ओबीसी विद्यार्थ्यांना नीट, जेईई, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा देत आली आहे. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत पिंजारी, मोमीन, बागवान, अत्तार, मणियार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या आहेत. आपल्या किती घरांत हे माहीत आहे? आम्हाला माहीत झालं, पण उशिरा. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द : 'मुसलमान'. धंदा पिंजाऱ्याचा, गावाला माहीत पिंजारी, कागदावर मात्र काहीच नाही. शेवटी पणजोबांच्या गावच्या कोतवाल बुकात, मोडी अक्षरांत, 'पिंजारी' सापडलं. वाचायला माणूस शोधण्यातच पंधरा दिवस गेले. जातीचा दाखला, मग नॉन-क्रिमिलेअर, तोवर अर्जाची तारीख उलटली. चूक आमचीच. तुमच्या घरात कुणी आठवी-नववीत असेल तर आजोबांची पेटी आत्ताच उघडा. तो दाखला टॅबपेक्षा कितीतरी जास्त कामाला येईल.

आम्ही मग विकतच घेतला. दुकानदार वायफायवाला दाखवत होता, दोन हजारांनी स्वस्त. मीही होकार देणार होतो. बहीण म्हणाली, "हॉटस्पॉट कुणाचा?" माझाच. म्हणजे मी बाहेर गेलो की तिचा अभ्यास बंद, चावी पुन्हा माझ्याच खिशात. सिमवाला घेतला. पडदा अकरा इंची, पुस्तकाचं पान जवळजवळ पूर्ण दिसतं. लाईट गेली तरी सात-आठ तास चालतो, आणि दर्यापुरात ही साधी गोष्ट नाही. रसीद तिच्या नावाची, पासवर्डही तिचाच. अम्मीला थोडं खटकलं, पण चाललं.

परवा क्रिकेटची मॅच होती. लाईट गेली, माझा मोबाईल बंद पडला. तिच्याकडे टॅब मागितला.

"भाई, पाहणार काय त्यात?" तिने विचारलं.

अब्बा अंधारात हसत होते, आवाज आला.