व्यापारविद्या की परदेशवारी?

अलीकडे आमच्या समाजात एक नवी चाल पडू लागली आहे. वाणिज्य वा व्यवस्थापन शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी एका सत्रापुरती जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंड येथे जाते. निघण्यापूर्वी कुलदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते, सभामंडपात शालजोडी देऊन सत्कार होतो, वार्षिक स्मरणिकेत छायाचित्र झळकते. सहा महिन्यांनी स्वारी परत येते, तेव्हा मात्र तिने तेथे काय शिकले हे विचारण्यास कोणी पुढे होत नाही. घरच्या पैशाने कोणी असा प्रवास केला तर त्याबद्दल बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु देवस्थानांच्या आणि ज्ञातिसंस्थांच्या शिक्षणनिधीतून या प्रवासासाठी साहाय्य मागितले जाऊ लागले, म्हणजे तो प्रश्न सार्वजनिक होतो. हा निधी भाविकांनी पावलीपावलीने जमविलेला आहे, आणि त्यातील एका मोठ्या रकमेपायी गावातील दहा गरजू मुलांची फी मागे राहू शकते. म्हणून या विषयावर स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम, परदेशगमनाच्या नावानेच नाक मुरडणाऱ्यांशी दोन शब्द. परदेशी गेल्याने आचार बुडतो आणि तरुण पिढी हातची जाते, असे म्हणणारी मंडळी अजूनही आमच्यांत आहेत. त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. मालवणात जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1886 साली व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस गेले; ते तेथे संस्कृत विद्या विसरून आले नाहीत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा 1925 पासून वाहणारे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला ल्यूडर्स या पंडिताच्या हाताखाली तयार झाले. मुलीला पाठविण्यास कचरणाऱ्यांनी इरावतीबाई कर्वे यांचे स्मरण करावे; त्या 1928 साली बर्लिनला गेल्या आणि 1930 साली डॉक्टरेट मिळवून आल्या. आणि ज्यांना परदेशात देव सापडत नाही, त्यांनी जर्मनीतील हाम या गावी श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांनी उभारलेले श्री कामाक्षी अंबाळचे देऊळ पाहावे. 2002 साली प्रतिष्ठा झालेल्या त्या देवळाचा रथ दरवर्षी निघतो. घरदार गमावून गेलेल्या माणसांनी आपला देव टिकविला. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या, खिशात परतीचे तिकीट असलेल्या मुलाचा धर्म इतका ठिसूळ मानावयाचा काय?

तेव्हा जावे की न जावे हा आमचा प्रश्न नव्हे. आमचा वाद आहे तो दुसऱ्या पक्षाशी, जो 'जाऊन आला' एवढ्यालाच विद्या समजतो. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे 49 हजार भारतीय विद्यार्थी होते, आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचाच पहिला क्रमांक लागला. अशा वेळी नुसते जाणे हा पराक्रम उरत नाही. काय ठरवून गेला, हाच प्रश्न शिल्लक राहतो.

ठरविण्याची पहिली पायरी पंचांग. मुहूर्त काढून प्रस्थान ठेवणारे आमचे लोक विद्यापीठाचे पंचांग मात्र पाहत नाहीत, हे नवल नव्हे काय? आपल्याकडील पहिले सत्र साधारणतः जून-जुलैत सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपते आणि दुसरे एप्रिल-मेपर्यंत चालते. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र 1 ऑक्टोबर ते 31 मार्च व उन्हाळी सत्र 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर असे असते. व्याख्याने प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. म्हणजे ऑक्टोबरात निघालेला मुलगा येथील पहिल्या सत्राच्या परीक्षेस मुकतो आणि परत येतो तो दुसरे सत्र बरेचसे उलटल्यावर. एका सत्राचा प्रवास दोन सत्रे गिळतो. यावर उपाय नाही असे नव्हे. तेथील उपयोजित विद्यांची महाविद्यालये सप्टेंबरात व मार्चात सुरू होतात. मानहाइम विद्यापीठाचे शरद सत्र सप्टेंबर ते डिसेंबर असे आटोपशीर आहे. स्वित्झर्लंडातील सांक्ट गालेन सप्टेंबरच्या मध्यास उघडते. परंतु हा ताळा वर्षभर आधी मांडावा लागतो. एजंटाच्या रंगीत माहितीपत्रकात तो मांडलेला नसतो.

दुसरी पायरी हिशेब. व्यापारविद्या शिकण्यास निघालेल्याने पहिला ताळेबंद स्वतःच्याच सत्राचा मांडावा. 2024 च्या सप्टेंबरात ठरलेल्या नियमाप्रमाणे जर्मनीचा विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्यास निर्वाहासाठी महिना 992 युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे 5,952 युरो, म्हणजे सहा लाख रुपयांच्या पुढेमागे. विमानभाडे व आरोग्यविमा निराळा. मात्र दोन विद्यापीठांत विनिमयाचा करार असेल तर शिक्षणशुल्क आपल्याच महाविद्यालयात भरावयाचे असते, तेथे नव्हे. बाडेन-व्ह्यूर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर 2017 पासून सत्रास 1,500 युरो शुल्क आहे. करारान्वये आलेल्यांस तेही माफ असते. एकटा, कराराविना जाणारा विद्यार्थी मात्र या सवलतीस मुकतो, आणि पुष्कळदा खाजगी संस्थेच्या दामदुप्पट शुल्काच्या तडाख्यात सापडतो. हा भेद न जाणता निधीपुढे अर्ज करणारा व्यापार काय शिकणार?

तिसरी पायरी गुणांची. युरोपीय मोजणीत एका सत्रास 30 श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकास 25 ते 30 तासांचे काम धरलेले असते. म्हणजे सत्राचे 750 ते 900 तास होतात. दर शनिवार-रविवारी निरनिराळ्या राजधानीतून छायाचित्रे धाडणाऱ्याने हे तास कोठून आणले, याचा विचार पालकांनीच करावा. शिवाय जर्मनीत 1 हा सर्वोत्तम गुण आणि 4 ही उत्तीर्णतेची कड. स्वित्झर्लंडात 6 सर्वोत्तम, आणि 4 खालून चढत आलेल्याची पहिली पायरी. ज्या गुणपत्रिकेचा अर्थ आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत कोणास लागत नाही, ती घेऊन येणे म्हणजे परमुलखातले नाणे गावच्या बाजारात चालविण्यासारखे आहे. कोणता विषय कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, याचा लेखी करार निघण्यापूर्वी व्हावयास हवा.

आता भाषेकडे येऊ. कारण खरी मेख तेथे आहे. 'तेथे सर्व काही इंग्रजीतून शिकवितात,' असे आम्हांस मोठ्या फुशारकीने सांगितले जाते. वर्गापुरते ते पुष्कळ ठिकाणी खरे आहे. परंतु व्यापार वर्गात होत नाही. जर्मन व्यापारसंहितेप्रमाणे वार्षिक हिशेबपत्रके जर्मन भाषेतच करावी लागतात; भाड्याचा करार, कामगारसभेचे टिपण, सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा, सारे त्याच भाषेत. ज्याला ती वाचता येत नाही, तो व्यापाराच्या देवळात जाऊनही सभामंडपातच उभा राहिला. गाभारा त्याने पाहिलाच नाही. डॉ. राममनोहर लोहिया बर्लिनला गेले, तेव्हा त्यांच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपणांस इंग्रजी येत नाही असे सांगितले आणि लोहियांनी थोड्याच महिन्यांत जर्मन शिकून त्यांच्यापुढे पुन्हा उभे राहून दाखविले, अशी आख्यायिका आहे. मिठावरील कर व सत्याग्रह या विषयावर त्यांनी तेथेच डॉक्टरेट मिळविली; आणि तेच लोहिया 18 जून 1946 रोजी मडगावच्या सभेत उभे राहिले. परदेशची विद्या अशा रीतीने स्वदेशी उगवते.

आमच्या वाचकांना तर भाषेचे भय वाटण्याचे कारणच नाही. घरी कोकणी, कीर्तनात मराठी, बेळगावात कानडी, वडोदऱ्यास गुजराती, कचेरीत इंग्रजी, अशी कसरत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहो. सांक्ट गालेनचा माणूसही घरी व बाजारात आपली स्विस बोली बोलतो आणि लिहितो मात्र प्रमाण जर्मन. बोलण्याची एक आणि लिहिण्याची दुसरी, हा संसार आम्हांस कोणी समजावून सांगावयास नको.

मग शिकावयाचे काय? लाइप्झिग, व्हिएन्ना व सांक्ट गालेन या तिन्ही ठिकाणी उच्च व्यापारशिक्षणाच्या संस्था 1898 या एकाच वर्षी निघाल्या. आमचे मुंबईचे सिडनेहॅम कॉलेज 1913 चे. त्या परंपरेत श्मालेनबाख यांच्यासारख्यांनी 1919 साली ताळेबंदाचे शास्त्रच नव्याने मांडले: वर्षाअखेरची मालमत्ता मोजणे हे ताळेबंदाचे मुख्य काम नसून त्या वर्षाचा खरा नफा दाखविणे हे होय, असा त्यांचा सिद्धांत. 1976 च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या जर्मन कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारपक्षास दिल्या. त्यामुळे मालक-मजूर तंटे कसे मिटतात आणि कोठे अडतात, हे पाहण्याजोगे आहे.

आणि सर्वांत जवळची गोष्ट सहकाराची. फ्रीडरिश व्हिल्हेल्म रायफायझेन (1818-1888) या खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या नगराध्यक्षाने दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी काम आरंभिले आणि पुढे ग्रामीण पतपेढ्यांची घडी बसविली. लहान कार्यक्षेत्र, एकमेकांची ओळख, अवैतनिक कारभार, न वाटता येणारी गंगाजळी आणि कर्जाची सामुदायिक जबाबदारी, हे त्यांचे नियम. सर फ्रेडरिक निकल्सन यांनी 1895 व 1897 च्या अहवालांत याच पद्धतीचा पुरस्कार केला आणि 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यातून पुढे आला. त्याआधीच, 1889 साली, वडोदऱ्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली होती. म्हणजे हे बीज आम्हांस परके नाही. आज गोव्यात, बेळगावात, महाराष्ट्रात एखादी सहकारी पेढी बुडाली की तीत देवळाच्या पुजाऱ्याची, विधवांची, निवृत्त शिक्षकांची पुंजी अडकते. ज्या नियमांतून ही संस्था जन्मली ते त्यांच्या मायभूमीत आज कसे पाळले जातात, लेखापरीक्षण कोण करतो, ठेवीदाराचे रक्षण कसे होते, हे पाहून येणारा एक विद्यार्थी आम्हांस शंभर सत्कारमूर्तींहून मोलाचा वाटेल.

म्हणून निधीच्या विश्वस्तांस आमची चार कलमी मागणी आहे. एक: जर्मन भाषेची निदान बी-वन पातळीची परीक्षा उत्तीर्ण असल्याविना अर्ज घेऊ नये. दोन: सत्रांचे पंचांग, खर्चाचा ताळेबंद आणि श्रेयांकांचा लेखी करार अर्जासोबत असावा. तीन: साहाय्य बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावे आणि पहिल्या नोकरीनंतर ते हप्त्याने परत घ्यावे, म्हणजे तेच पैसे पुढच्या मुलास मिळतील. चार: परतल्यावर विद्यार्थ्याने समाजासमोर व्याख्यान द्यावे आणि गावातील एखाद्या पतसंस्थेच्या किंवा देवस्थानच्या हिशेबाच्या कामी सहा महिने सेवा द्यावी.

हे नियम कडक आहेत, गरिबाच्या मुलाला ते जड जातील, असा आक्षेप येईल. उलट गरिबाच्या मुलाला तेच तारतील. भाषा शिकण्यास श्रीमंती लागत नाही, चिकाटी लागते. आणि नियम नसले म्हणजे निधी ओळखीपाळखीच्या वाटेने जातो, हे कोणास ठाऊक नाही? तेव्हा ज्यांनी देवळाच्या पेटीत रुपया टाकला, त्यांनी यंदाच्या वार्षिक सभेत उभे राहून विश्वस्तांना हे प्रश्न विचारावे. सत्कार जरूर करावा. परंतु तो जाण्यापूर्वी नको, परतल्यावर करावा, आणि तोही हिशेब वाचून झाल्यावर.