वाहकाच्या कार्डावरची एक ओळ

मार्कंड्याला अल्पायुषी मार्कंडेय यमपाशातून सुटला, अशी श्रद्धा आहे. याच गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलखात सिकलसेलचा जनुक अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या उतरतो. आई किंवा वडील, एकाकडूनच तो आला तर माणूस ‘वाहक’ ठरतो आणि सहसा धडधाकट जगतो.

मूत्रपिंडाच्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. प्रौढांतील नेहमीच्या गाठीत बहुधा व्हीएचएल जनुक बिघडतो, लहानग्यांच्या विल्म्स गाठीत कधी डब्ल्यूटी-१. बहुतेक वेळा हा बिघाड वारशाने आलेला नसतो. पण १९९५ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी वर्णन केलेली ‘मेड्युलरी’ गाठ मुख्यतः सिकलसेल वाहक तरुणांतच आढळते. मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू कमी. तिथे वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. या गाठीत स्मार्कबी-१ हा राखणदार जनुक निकामी झालेला असतो. गाठ अतिशय दुर्मिळ, पण झपाट्याने पसरणारी.

वाहकांच्या लघवीतून रक्त साध्या कारणांनीही जाते. म्हणूनच ‘उष्णता झाली’ म्हणून ते अंगावर काढले जाते, याची मला काळजी वाटते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सिकलसेल कार्डे दिली जातात. त्यांवर एक ओळ छापावी : लघवी लाल दिसली, तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या. महाशिवरात्रीच्या मार्कंडा यात्रेत एवढे सांगितले, तरी ते गावोगाव पोचेल.