‘मूर्ख’ आणि ‘बनावट’ : काही इंग्रजी पर्यायांविषयी

पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘किंग लिअर’वरील एका उत्तरापाशी आम्ही थबकलो. लिअरच्या विदूषकाचा उल्लेख विद्यार्थ्याने आरंभी ‘फूल’ असा केला होता. परंतु तोच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये या सद्हेतूने पुढल्या परिच्छेदात त्याने त्याला ‘इडियट’ केले, आणि शेवटी ‘मोरॉन’. विद्यार्थ्याला दोष देण्यास आमचे मन धजेना. द्विरुक्ती टाळा, पर्यायी शब्द योजा, हे त्याला शाळेपासून आम्हा शिक्षकांनीच शिकवले आहे. रॉजेचा थिसॉरस १८५२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा तो निदान विषयवार लावलेला होता, शब्द शोधताना वाचकाला आशयाचा विचार करावा लागे. आता संगणकावर टिचकी मारली की दहा शब्दांची पंगत हजर! पंगतीत सगळे सारखेच दिसतात. कोण कोठून आला, हे तेथे विचारायचे नसते.

मूर्खपणा आणि खोटेपणा दर्शवणाऱ्या शब्दांच्या बाबतीत मात्र ते विचारलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. ‘लाल’ किंवा ‘उंच’ यांप्रमाणे हे शब्द नुसते वर्णन करत नाहीत, निवाडा देतात. निवाडा म्हटला की तो कोणी दिला, हा प्रश्न आलाच.

‘डन्स’ हा शब्द घ्या. मठ्ठ विद्यार्थ्याला लावला जाणारा हा शब्द जॉन डन्स स्कोटस या तत्त्वज्ञाच्या नावावरून आला आहे. हा मनुष्य १३०८ साली वारला. त्याच्या युक्तिवादांचा बारीकपणा एवढा विख्यात होता की ‘सूक्ष्म आचार्य’ अशा अर्थाच्या लॅटिन उपाधीने तो ओळखला जाई. सोळाव्या शतकात नव्या विद्येचे अभिमानी पुढे आले आणि डन्सची जुनी परंपरा सांगणारे त्यांना शब्दच्छल करणारे, नवे काही शिकू न शकणारे वाटू लागले. वाद नव्यांनी जिंकला, आणि पराभूतांच्या गुरूचे नाव ‘ढ’ या अर्थाने कोशात गेले. १७२८मध्ये अलेक्झांडर पोपने आपल्या वाङ्मयीन वैऱ्यांना झोडपण्यासाठी ‘डन्सिअड’ लिहिले, तोवर या शब्दामागचा तत्त्वज्ञ लोकांच्या विस्मरणात चालला होता.

याला केवळ इंग्रजीची खोड समजून हसण्याचे कारण नाही. ‘देवानांप्रिय’ ही सम्राट अशोकाची पदवी. सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त ती ‘मूर्ख’ या अर्थाने नोंदलेली आहे. यामागे बौद्धद्वेष होता की वैयाकरणांची नुसती थट्टा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि आम्ही त्यात पडत नाही. पण त्याच अशोकाच्या शिलालेखांतील ‘पासंड’ हा शब्द पाहा. तेथे त्याचा अर्थ कोणताही धर्मपंथ, आपला किंवा दुसऱ्याचा. आणि सर्व पंथांचा मान राखावा असा राजाचा उपदेश आहे. मराठीत ‘पाखंड’ म्हणजे काय, हे वाचकांना सांगावयास नको. एका राजाच्या शब्दसंग्रहातून आपण एक शब्द मूर्खपणासाठी घेतला आणि एक ढोंगासाठी.

‘मोरॉन’चे प्रकरण याहून वाईट आहे, कारण तो शब्द शिवी म्हणून जन्मलाच नाही. हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१० साली तो ग्रीकवरून मुद्दाम घडवला. बुद्धिमापनात ज्यांचे मानसिक वय आठ ते बारा भरेल अशा प्रौढांसाठी त्याला शास्त्रीय संज्ञा हवी होती. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर ‘इम्बेसाइल’ आणि ‘इडियट’ होते. म्हणजे थिसॉरसच्या एका ओळीत आज जे तीन शब्द शेजारी बसतात, ती एकेकाळी शिडी होती, आणि ती माणसांना लावली जात होती. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करण्यास संमती दिली. निकाल आठ विरुद्ध एक असा होता. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होम्स यांनी आई, मुलगी आणि नात या तिघींनाही ‘इम्बेसाइल’ ठरवून विषय संपवला. ती नात पुढे शाळेत गेली आणि गुणवंतांच्या यादीत झळकली. आठव्या वर्षी आजारपणात वारली. ‘मोरॉन’ हा शब्द आता गमतीने, मित्रामित्रांत वापरला जातो. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा सभ्य, शास्त्रीय म्हणून आणलेला शब्द मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी कसा उतरला, ते शिक्षकांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे.

उलट दिशेचा प्रवासही आहे, पण विरळा. ‘नाइस’ हा लॅटिनमधील ‘अजाण’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. आरंभी इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असाच होता, आणि आज तो प्रशस्तिपत्र झाला आहे. ‘सिली’चे नशीब नेमके विरुद्ध. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, ईश्वराची कृपा असलेला. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, आणि अखेर मूर्ख. आमच्या मते या घसरणीत एका समाजाने निष्पापपणाची किंमत कशी केली ते दिसते. मराठीने ‘भोळा’ आणि ‘वेडा’ हे शब्द एवढे खाली जाऊ दिले नाहीत, कारण संतांनी ते स्वतःकडे घेतले.

खोटेपणाच्या शब्दांत निवाड्यापेक्षा बाजार अधिक. ‘बोगस’ हा अमेरिकन शब्द १८२०च्या दशकात ओहायोमध्ये खोटी नाणी पाडण्याच्या साधनाला लावलेला आढळतो. ‘फोनी’ बहुधा अंगठीवाचक आयरिश शब्दावरून आला. भामट्याने पितळेची मुलामा दिलेली अंगठी रस्त्यात टाकायची, वाटसरूसमोर ती ‘सापडायची’, आणि अर्ध्या किमतीत त्याच्या गळ्यात मारायची. या व्यवहारात वाटसरूचा लोभ नसेल तर भामट्याचा धंदा बसतो. ‘फोनी’मध्ये फसवणारा आणि फसणारा असे दोघेही आहेत, ‘बोगस’मध्ये नाणे आहे, फसणारा दिसत नाही. सॅलिंजरच्या १९५१ सालच्या कादंबरीत होल्डन कॉलफील्ड भोवतालच्या जगाला सतत ‘फोनी’ म्हणतो. तेथे ‘बोगस’ घालून पाहावे: तक्रार उरते, पण आपणही या खेळात ओढले जाऊ ही भीती जाते. मराठी अनुवादकाने ‘खोटारडे’ लिहिले तरी ती जातेच. ‘बेगडी’ थोडे जवळ जाईल.

‘बोगस’ तर आता मराठीच झाला आहे, आणि येथे त्याने स्वतःची जागाही नेमकी निवडली आहे. नोटा बनावट असतात, पोलीस तोतया असतो, बुवा भोंदू असतो, दूध भेसळीचे असते. पण मतदार, बियाणे आणि डॉक्टर बोगस असतात. जेथे यादी, परवाना किंवा प्रमाणपत्र मध्ये येते, तेथे मराठी माणूस बहुधा ‘बोगस’ म्हणतो. ही विभागणी कोणत्याही व्याकरणकाराने शिकवलेली नाही. समानार्थी शब्दांच्या यादीत मात्र हे सगळे एका ओळीत कोंबलेले असतात.

आता पुन्हा लिअर. शेवटच्या प्रवेशात कॉर्डेलियाचे प्रेत मांडीवर घेतलेला राजा ‘फूल’ हा शब्द उच्चारतो. तो कोणासाठी, यावर अभ्यासक आजवर वाद घालत आले आहेत. त्या काळी हा शब्द लाडकीलाही लावत, म्हणून बहुतेकांना तो कॉर्डेलियासाठी वाटतो. पण मध्येच नाटकातून नाहीसा झालेला विदूषकही त्यात ऐकू येतो. दोन माणसे एकाच शब्दात सामावतात ती तो शब्द ‘फूल’ आहे म्हणून. त्या उत्तरपत्रिकेच्या समासात आम्ही एवढेच लिहिले : ‘लिअरचा पहिला नोंदलेला प्रयोग १६०६, मोरॉन १९१०.’ गुण कापले नाहीत.