एका हाताची टाळी

हा अंक हातात पडेल तेव्हा शाळा उघडण्याच्या बेतात असतील. विदर्भातल्या वाचकांना आणखी थोडी उसंत आहे. पुस्तकवाटप, हजेरीपट, वेळापत्रक या धांदलीत पाचवीचा नवा वर्ग भरेल. आपल्याकडे अजूनही अनेक गावांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते. त्यापुढे हायस्कूल, पाचवी ते दहावी. एप्रिलपर्यंत शाळेतला सगळ्यात मोठा असलेला मुलगा जूनमध्ये एकदम सगळ्यात लहान होतो. तिकडे दिवसभर एकच बाई होत्या, इकडे दर तासाला माणूस बदलतो. मधल्या सुट्टीत नळावर त्याच्या मागे मिसरूड फुटलेली नववी-दहावीची मुलं उभी असतात. त्याला कोणी ढकललं, डबा उपडा केला, वडिलांच्या धंद्यावरून हाक मारली, तर हे सांगायचं कोणाला? पाचवीतल्या प्रत्येक मुलाला हा प्रश्न पहिल्या पंधरवड्यात पडतो. आपल्याला तो सहसा पडत नाही.

‘मुलं सांगतच नाहीत हो,’ असं शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. मुलं एकदा सांगतात. फार मोघम सांगतात. ‘सर, हा बघा ना’ एवढंच. त्यावर आपण काय म्हणतो ते आठवून पाहावं. ‘आधी तू काय केलंस?’ ‘लक्ष नको देऊस त्याच्याकडे.’ ‘चहाड्या पुरे, जागेवर बस.’ आणि सगळ्यांत लाडकं उत्तर: ‘एका हातानं टाळी वाजत नाही.’ या एका म्हणीनं मराठी शाळांतल्या जितक्या तक्रारी दडपल्या, तितक्या कोणत्याही समितीनं सोडवल्या नसतील.

मीही ती वापरली आहे. सातवीतला एक मुलगा ऐन उन्हाळ्यात शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून बसायचा. एक दिवस टेबलाजवळ येऊन म्हणाला, मागचा मुलगा कर्कटक टोचतो. मी म्हण ऐकवली, दोघांना हात मिळवायला लावले, आणि काम झालं असं समजून फळ्याकडे वळलो. त्यानं मला पुन्हा काही सांगितलं नाही. बाह्या मात्र वर्षाअखेरपर्यंत खालीच होत्या. त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं होतं; अर्थ लावायला उशीर झाला.

माझी चूक काय होती, हे नॉर्वेतल्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाचं लेखन वाचल्यावर नीट कळलं. १९७० च्या दशकापासून त्यांनी शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. १९८३ मध्ये नॉर्वेत या प्रश्नावर देशभर मोहीम सुरू झाली, तिच्या मुळाशीही त्यांचंच काम होतं. छळ ओळखण्याच्या त्यांच्या खुणा तीन: इजा करण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोघांच्या बळातला फरक. तिसरी खूण आपण विसरतो. बळ म्हणजे नुसते दंड नव्हेत. मागे चार मित्र असणं, वडील गावात वजनदार असणं, वर्गातल्या बहुसंख्येची जात किंवा बोली आपली असणं हेही बळच. दोन बरोबरीच्या मुलांच्या भांडणात समेट शोभतो. जिथे एकाचा हात दुसऱ्यानं पिरगळून धरला आहे, तिथे ‘हात मिळवा’ म्हणणं म्हणजे तो हात पुन्हा त्याच्याच ताब्यात देणं. म्हणून दोघांना समोरासमोर उभं करून जबाब घेऊ नयेत. दोघांशी वेगवेगळं बोलावं, आणि आधी सोसणाऱ्याशी.

आता चुगलीविषयी. आपल्या शाळांत चुगलखोराइतकी नामुष्की कोणाच्या वाट्याला येत नाही. गंमत अशी, की चुगलीची सरकारमान्य व्यवस्था आपणच चालवतो. सर ऑफिसात गेले की मॉनिटर फळ्यावर ‘बोलणारी मुले’ असा मथळा देऊन नावं लिहितो, जास्त बोलणाऱ्यापुढे फुल्या मारतो, मित्रांची नावं पुसतो. कुजबुज कळवणारा मुलगा जबाबदार, आणि कर्कटक टोचल्याचं सांगणारा चहाडखोर! मुलांनी यातून काय शिकावं? जूनपासून फळ्यावरची ती यादी बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चुगली, कोणाची सुटका व्हावी म्हणून सांगणं ही मदत’ असा भेद अलीकडे प्रशिक्षणांत शिकवला जातो. ऐकायला छान आहे. पण तो करायला लावतो कोणाला? अकरा वर्षांच्या मुलाला. छळ सोसणाऱ्या मुलाला सुटकाही हवी असते आणि समोरच्याला शिक्षाही हवी असते. मग त्यानं स्वतःला कुठल्या खान्यात टाकायचं? त्याला दोन्ही सांगू द्यावं. निवडणं-टिपणं ही आपली नोकरी आहे.

यात बघ्यांचा भाग मोठा असतो. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या दहांपैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती साधारण पाचांतल्या एका प्रसंगात. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंदांत आपला पर्यवेक्षक जिन्याच्या वळणापर्यंतही पोहोचत नाही. बघणारं मूल मध्ये पडायला घाबरत असेल, तर निदान ते सांगायला येऊ शकतं. ‘तुझा काय संबंध?’ हे तीन शब्द मात्र त्या वेळी आपल्या तोंडून निघता कामा नयेत.

मूल बोलू लागलं की ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देण्याचा मोह होतो. देऊ नये. चिडवण्याच्या आडून लैंगिक स्वरूपाचं काही घडत असेल, तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. गप्प बसणाऱ्या मोठ्या माणसाला त्या कायद्यात शिक्षा आहे, न सांगणाऱ्या मुलाला नाही. ‘ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि त्याआधी तुला सांगेन’ एवढं वचन पाळता येतं.

शिक्षेची भीतीही तोंडं बंद करते. सर छड्या देतील आणि संध्याकाळी वडाप जीपमध्ये त्या आपल्याकडून वसूल होतील, हे गणित मुलांना पक्कं येतं. शिवाय छडी आणि अपमान दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मना केले आहेत, आणि ‘दाखला हातात देईन’ ही धमकी आठवीपर्यंत कलम १६ मुळे पोकळ आहे. छळणारा मुलगाही आपल्याच हजेरीपटावर आहे. त्याची जागा बदलणं, सुट्टीत त्याच्यावर नजर, त्याच्या पालकांशी बोलणं, त्यानं केलेलं नुकसान त्याच्याकडूनच भरून घेणं हे सगळं छडीपेक्षा कंटाळवाणं असतं, पण चालतं. आणि ज्यानं सांगितलं त्याला दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, सहज विचारायचं: ‘आता कसं चाललंय?’ याला मिनिटभर लागतो. याच्यावाचून बाकी सगळं फुकट जातं.

राहिली तक्रारपेटी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर सरकारनं तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांची पुन्हा कडक आठवण करून दिली. पेट्या आल्या. मी पाहिलेल्या बऱ्याचशा मुख्याध्यापकांच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेत लटकतात. काहींवर तर कॅमेरा थेट रोखलेला असतो. तिथे चिठ्ठी टाकायला जाणं म्हणजे तक्रारदार म्हणून मिरवणूक काढून घेणं. किल्ली कोणाकडे, हे विचारलं तर शिपाईमामांकडे बोट जातं.

त्यापेक्षा एक साधा मार्ग काही वर्गशिक्षकांनी शोधला आहे. शनिवारी शेवटच्या तासाला प्रत्येक मुलाला वहीच्या पानाचा चतकोर द्यायचा. सगळ्यांनी काहीतरी लिहायचं. सांगण्यासारखं नसेल तर आज डब्यात काय होतं ते. नाव घालणं ऐच्छिक. चाळीसही मुलं लिहीत असली की कोण सांगतंय ते शेजारच्यालाही कळत नाही. चिठ्ठ्या वर्गशिक्षकानं स्वतः गोळा करायच्या, मॉनिटरनं नाही, आणि वाचायच्या त्याच दिवशी, घरी.

पहिले तीन-चार आठवडे पोहे, उपमा, मेथीचे पराठे एवढंच हाती लागेल. नंतर कोणीतरी लिहील, तिसऱ्या बाकावरचा पंखा खडखड करतो. ती चिठ्ठी हसून बाजूला ठेवू नये. सोमवारी मुलं शाळेत येण्याआधी तो पंखा दुरुस्त झालेला असावा.