हिरवळ, पेंढा आणि पाण्याचा हिशेब

वाचकहो, दिवाळीच्या अंकात फराळाचे लिहावे, रांगोळीचे लिहावे, गवताचे लिहू नये, असे मला घरातून बजावण्यात आले होते. पण वर्षभरात या सदराकडे जी पत्रे आली, त्यांत लिंबाच्या आणि शेवंतीच्या खालोखाल तक्रारी आहेत त्या हिरवळीच्या. मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी शहापूर-मुरबाडकडे टुमदार घरे बांधली. घर झाले की दारापुढे हिरवळ हवीच! "बी पेरले, पाणी घातले, उगवले काहीच नाही, काय चुकले?" असा साऱ्या पत्रांचा सूर. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून देण्यापेक्षा स्वतःच्या फजितीतून द्यावे हे बरे. कारण हे सारे मी आपल्या हाताने करून बसलो आहे.

माझ्या मेहुण्याने शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत घर बांधले. त्याची मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या दारातली हिरवळ पाहून आल्यापासून त्याला दुसरे काही सुचेना. "भावोजी, तुम्ही बागेवर लिहिता, तेव्हा हे काम तुमचे," असे म्हणून त्याने तीन गुंठे मोकळी जागा माझ्या हवाली केली. जमीन कसली म्हणता? वरकस माळ. तांबूस, मुरमाड, पावसात चिखल आणि उन्हात खापर. मी हरळीचे बी आणले. हरळी म्हणजे आपली दूर्वाच. तिच्या बियांचा दाणा एवढा बारीक की किलोभरात ते लाखोंनी बसतात. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मृगाचा मुहूर्त साधून मी पेरणी केली. चौथ्या दिवशी जो पाऊस लागला, त्याने माझे बी, वरची माती आणि माझी अब्रू अशी तिन्ही एकदम ओढ्याला नेली. या मुलखात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उघड्या मातीवर थेंब आदळतो तो दगडासारखा.

दुसरा प्रयत्न गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. पाऊस नको म्हणून उन्हाळा धरला! सकाळी नळी धरून जमीन चिंब करायची आणि आपण चहाला बसायचे. दहा वाजेतो वरचा थर वाळून त्याची खपली बने. जे बी रुजू पाहत होते, ते खपलीखाली गुदमरले. जे वर होते, ते मुंग्यांनी आणि चिमण्यांनी वाटून घेतले. घराची राखण करणाऱ्या गड्याची म्हातारी आई रोज कुंपणापाशी थांबून हे पाहत असे. एकदा ती म्हणाली, "गुरुजी, बी पेरलं का पाखरांना पंगत घातली?"

मी मनातल्या मनात चरफडलो, पण विचारले, "मग काय करायला हवं होतं, आजी?"

"भादवा सरू द्या. मागल्या सालचा पेंढा देते. उघडं बी कुठं निजतं का? त्याला पांघरूण लागतं."

आता पाहा, ही बाई काही बागाइतीण नव्हे. पण बी रुजवण्याची कला ठाणे जिल्ह्याच्या या डोंगरपट्टीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. भाताचे रोप टाकण्याआधी उन्हाळ्यात इथे राब भाजतात. शेण, झाडांच्या टहाळ्या, पातेरा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचे. त्याने तणाचे बी मरते, राख मिळते आणि रोप जोमाने येते. या राबाच्या टहाळ्यांवर इंग्रजी अमदानीत जंगलखात्याने निर्बंध घातले. तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा गवगवा झाला की १८८५ साली सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. म्हणजे बियांच्या अंथरुणासाठी इथली माणसे सरकारशी भांडलेली आहेत. राब हे अंथरूण आणि पेंढा हे पांघरूण, एवढाच काय तो फरक.

तर गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस, पावसाचा जोर ओसरल्यावर आणि जमिनीत ऊब असताना, आम्ही तिसऱ्यांदा कामाला लागलो. जे केले ते क्रमाने सांगतो. वाचकांनी कात्रण काढून ठेवावे.

जमीन वीतभर खणून दगड, लव्हाळ्याच्या गाठी आणि मुळ्या वेचून काढल्या. चांगले कुजलेले शेणखत मिसळले, दंताळ्याने सारखे केले आणि उतार घरापासून बाहेर ठेवला. मग गुंठ्याला अर्धा ते एक किलो या मानाने बी घेतले. एवढे बारीक बी मुठीतून सारखे पडत नाही, म्हणून ते चौपट कोरड्या वाळूत कालवले. निम्मे उभे फेकत गेलो आणि निम्मे आडवे. दंताळे उलटे करून हलक्या हाताने फिरवले. बी पाव इंचाहून खोल जाता कामा नये. खोल गेले की ते वर येत नाही. शेवटी एक फळी टाकून तिच्यावरून चाललो, म्हणजे बी मातीला चिकटून बसते.

मग पेंढा. तो झोडणी नीट झालेला हवा. लोंबीत दाणे राहिले तर हिरवळीच्या जागी भाताचे रोप दिसेल. गवताचा भारा कितीही स्वस्त मिळो, तो मुळीच वापरू नये. रानच्या गवतात रानचे बी असते, आणि आपण पैसे देऊन तण पेरतो. सागाची पानेही नकोत. ती एकमेकांवर चिकटून छप्पर होते, खाली उजेड जात नाही आणि पाणीही नाही. मी पेंढ्याच्या काड्या एका ओळीत सुबक मांडू लागलो, तेव्हा आजीने माझ्या हातून पेंढी घेतली आणि उधळून दिली. मला ते गबाळेपणाचे वाटले. पुढे घरी येऊन मासानोबू फुकुओका या जपानी शेतकऱ्याचे पुस्तक चाळले. भाताच्या पेरणीवर पेंढा वेडावाकडाच टाकावा, ओळीत रचला तर कोंब अडतो, असे त्यानेही बजावलेले! जपानचा शेतकरी आणि किन्हवलीकडची म्हातारी, दोघांचे एकमत असल्यावर मी कोण बोलणार? एवढे लक्षात ठेवावे की पेंढा पातळ हवा. वरून पाहिले तर निम्मी माती दिसली पाहिजे. गुंठ्याला वीस-पंचवीस किलो पुरतो. वाऱ्याची जागा असेल तर वरून सुतळी आडवीतिडवी ताणावी.

हा पेंढा करतो तरी काय? थेंबाचा मार स्वतःवर घेतो, म्हणून माती वाहत नाही आणि खपलीही धरत नाही. ऊन अडवतो, म्हणून ओल टिकते. पाखरांच्या नजरेआड बी ठेवतो. पुढे तो काढूनही टाकायचा नाही. गवत त्यातून वर येते आणि तो जागच्या जागी कुजून खत होतो.

आता पाणी. इथेच बहुतेकांचे चुकते, कारण पाणी घालणे म्हणजे भिजवणे अशी आपली समजूत. बी रुजेपर्यंत ओल हवी ती फक्त वरच्या बोटभर मातीत, पण ती क्षणभरही मोडता कामा नये. म्हणून दिवसातून दोनदा, ऊन कडक असेल तर तीनदा, बारीक भोकांच्या झारीने थोडे थोडे पाणी द्यावे. डबके दिसले की थांबावे. नळीची धार सोडू नये. हरळी आठवड्यापासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही उगवते, तेव्हा धीर सोडू नये. कोंब बोटाच्या पेराएवढा झाला की रीत उलटी करावी: पाळ्या कमी, पाणी जास्त. दोन-तीन दिवसांआड द्यावे, पण चार-सहा इंच खोल मुरेल असे. वरचेवर घोटभर पाणी दिले तर मुळे वरच राहतात आणि पहिल्या उन्हात माना टाकतात. गवत दोन इंचांपेक्षा उंच वाढले की पहिली कापणी करावी, तीही वरचा तिसरा हिस्सा तेवढा घेऊन.

गेल्या दिवाळीला मेहुण्याच्या दारात तीन गुंठे हिरवळ होती. पणत्या तिच्या कडेने मांडल्या होत्या. फोटो न्यू जर्सीला गेले. मी मिशीला पीळ दिला. हा लेख इथे संपला असता तर बरे झाले असते. पण मे महिना अजून यायचा होता.

या वर्षीच्या मेमध्ये मी तिकडे गेलो होतो. सकाळी आठला बोअरचा पंप सुरू, नळी हिरवळीवर, आणि मी पायजमा वर खोचून उभा. आजी रिकामे हंडे घेऊन कुंपणाशी आली. पाड्याची विहीर आटली होती आणि टँकर आला नव्हता. ती रागावली नव्हती. सहज म्हणाली, "तुमचं गवत पिऊन झालं, की नळी इकडं द्या."

वाचकहो, मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले, पण हे गणित मला कधी सुचले नव्हते. त्या दुपारी पाकिटाच्या पाठीवर मांडले. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरा. चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. गुंठ्याला पाचशे लिटर, तीन गुंठ्यांना दीड हजार. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचे माप ठरवले आहे. म्हणजे आमची हिरवळ रोज सत्तावीस माणसांचे पाणी पीत होती. दहा हजार लिटरचा टँकर तिला आठवडाभरही पुरला नसता.

आणि हे कुठे? तर ज्या शहापूर तालुक्यात १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आहे, ज्या तालुक्यातले भातसा एकटे मुंबईला जवळजवळ निम्मे पाणी पुरवते, त्या तालुक्यात! इथल्या कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी.

मेहुणा म्हणाला, "बोअर माझी, वीजबिल माझे. मी कोणाचे काय घेतले?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण बोअरचे तोंड आपल्या आवारात असले तरी तिचा पाझर आवार ओळखत नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पाकीट मागून घेतले, बेरीज तपासली आणि चूक सापडेना म्हणून जास्तच चिडला.

खरे सांगायचे तर हिरवळ हे विलायतेचे लेकरू आहे. तिथे बारा महिने झिमझिम असते. १८३० साली एडविन बडिंग याने कापणीयंत्राचे पेटंट घेतले, त्याआधी गवत आखूड ठेवण्याचे काम विळे आणि मेंढ्या करीत. आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते लेकरू सांभाळायचे तर त्याला आपल्या घरची शिस्त लावली पाहिजे.

आम्ही लावली ती अशी. हिरवळ ओटीपुढे अर्धा गुंठा ठेवली. उरलेल्या अडीच गुंठ्यांत पावसाळी गवत वाढते, ते कार्तिकात कापून आजीच्या गोठ्यात जाते. त्याच्या बदल्यात पेंढा येतो. बोअरला कुंपणाबाहेर एक नळ काढला. अर्ध्या गुंठ्याला मेमध्ये पाणी बंद केले. गवत पिवळे पडले, मग तपकिरी. मेहुणा रोज त्याच्याकडे पाहून सुस्कारे सोडी. मी त्याला सांगितले की हरळी अशी मरत नाही. ती जमिनीखाली झोपते.

जूनच्या दुसऱ्या पावसानंतर आठ दिवसांत ती उठली. गणपतीला एकवीस दूर्वांच्या जुड्या तिच्यातूनच खुडल्या. पहिली जुडी आजीच्या घरच्या गणपतीला गेली; ती मेहुण्याने स्वतः नेऊन दिली.

सबब, ज्यांना यंदा हिरवळ करायची आहे, त्यांनी आधी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडावे, मग जागा मापावी आणि बी सर्वांत शेवटी आणावे. पेंढा मात्र आत्ताच सांगून ठेवावा. झोडणी सुरू होण्याचे हेच दिवस आहेत. दिवाळी सर्वांना सुखाची जावो.